भासरा, भावसून आणि राउटर

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी सकाळी हेमराजने चहाच्याही आधी राउटरचं पान उघडलं.

शेतकरी उठल्या उठल्या धानाच्या बांधीवर चक्कर मारून येतो, तशी त्याची ही रोजची फेरी होती. मोबाइलमध्ये आकड्यांचा तो पत्ता टाकायचा, मग 'ॲडमिन' लिहायचं, मग घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसलेला पासवर्ड, आणि सगळं घर समोर हजर. कोण जोडलेलं आहे, कोण नाही, कोण किती ओढतंय, सगळं दिसायचं. यंत्रांची मूळची नावं म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची नुसती खिचडी. ती पुसून हेमराजने सगळ्यांना घरची नावं दिली होती. बाबा. हर्षा. मंगेश. टीव्ही. धाकट्या भावाच्या, मंगेशच्या बायकोच्या मोबाइलपाशी मात्र तो अडला होता. भासरा, म्हणजे थोरला दीर, भावसुनेचं नाव घेत नाही, तोंडाने नाही आणि बोटानेही नाही. बराच विचार करून त्याने तिथे 'मंगेशघरचे' असं लिहिलं होतं.

राउटर खरं तर मंगेशनेच आणला होता. पण लाइन टाकणारा माणूस सेटिंग दाखवायला आला तेव्हा मंगेश जवाहरनगरला कारखान्यात ड्युटीवर होता आणि हेमराज घरी. एवढं निमित्त पुरलं. आई गेल्यापासून या घरातला प्रत्येक कारभार जसा न सांगता थोरल्याच्या अंगावर येऊन पडायचा, तसा हाही पडला, आणि खोटं कशाला बोला, हेमराजला तो आवडलाही. दर महिन्याला तो वायफायचा पासवर्ड बदलायचा. कधी लुचई, कधी चिन्नोर, कधी हिरानकी. धानाच्या जाती संपत आल्या होत्या, पण भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या धनीरामवरचा त्याचा संशय संपत नव्हता.

आणि आज यादीच्या तळाशी एक अनोळखी यंत्र दिसत होतं. नाव नाही, गाव नाही, नुसती खिचडी.

"सापडला," हेमराज स्वतःशीच म्हणाला. मंडईला आज घर पाहुण्यांनी भरणार, त्यात हा फुकट्या कशाला? त्याने त्या यंत्रापुढचं 'बंद करा' दाबलं. ओळ लाल झाली. त्या दिवशीचा चहा त्याला फार गोड लागला.

ते यंत्र धनीरामचं नव्हतं. नागपूरच्या कंपनीने चार दिवसांपूर्वी कुरिअरने पाठवलेला तो लॅपटॉप होता, आणि तो मागच्या खोलीत मंगेशच्या बायकोच्या, शुभांगीच्या टेबलावर होता. काल रात्रीच मंगेशने आपल्या मोबाइलवरून त्याला पहिल्यांदा वायफाय जोडून दिलं होतं. दवाखान्यांची बिलं तपासायचं काम होतं ते. घरी बसून करायचं आणि महिन्याला पगार. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा असं काही मिळालं होतं. कंपनीला मंडई काय माहीत? तिचं पहिलं प्रशिक्षण नेमकं आजच होतं.

"हे नवं यंत्र तुमचं का?" असं हेमराज तिला विचारू शकला असता. हाकेच्या अंतरावर तर होती ती. पण आठ वर्षांत त्याने तिला काहीच विचारलं नव्हतं. जे जायचं ते त्याच्या बायकोच्या, हर्षाच्या तोंडून जायचं आणि तिकडून जे यायचं तेही हर्षाच्याच तोंडून यायचं. तो ओसरीवर आला की ती पदर घेऊन आत जायची. तो आत जाताना खाकरायचा. दोघंही एकमेकांना मनापासून मान द्यायचे, आणि दोघांनाही एकमेकांबद्दल फारसं काही माहीत नव्हतं.

दहाच्या सुमाराला बपेऱ्याहून आनंदाबाई आली. हेमराजच्या वडिलांची, देवाजींची ही धाकटी बहीण, मंडईला दरवर्षी सगळ्यात आधी पोचणारी. तिच्यामागे जावई, नाती, नातजावई. पिशव्या खाली टेकायच्या आत चारपाच मोबाइल हेमराजच्या तोंडापुढे आले.

"मामाजी, पासवर्ड?"

"जेवणखाण राहिलं बाजूले," आनंदाबाई पाय धुता धुता म्हणाली. "आमच्या येळी पाहुणा आला की पहिले पाणी मांगे. आता वायफाय मांगते."

"पाणी बी देतो आत्या," हेमराज हसला आणि एकेकाच्या मोबाइलमध्ये स्वतःच्या हाताने हिरानकी टाकत बसला. पासवर्ड तोंडाने सांगायचा नाही, असा त्याचा नियम होता. ओसरीवरच्या खाटेवर देवाजी सुपारी कातरत हे सगळं बघत होते. हल्ली ते फारसं बोलत नसत.

थोड्या वेळाने हर्षा कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"ऐकलं का? शुभांगीचं नेट नाई चालून राहिलं म्हणते."

हेमराजने लगेच पान उघडलं. 'मंगेशघरचे' हिरवं होतं. "चालू आहे म्हणा. मले इथं दिसून राहिलं."

हर्षा गेली आणि आली. "नाई चालत म्हणते."

"आता का सांगू? हिरवं आहे ना! बंद करून चालू करा म्हणा."

ती पुन्हा गेली आणि पुन्हा आली. आत सुवाऱ्या तळणं चाललं होतं आणि कढईवर आनंदाबाईची नात उभी होती. तिला कढईचा अंदाज नव्हता. हर्षाचं अर्धं लक्ष त्या वासाकडे होतं. "तरी नाई चालत. तिचं थे कंपनीचं..." एवढं बोलेपर्यंत आतून करपल्याचा वास आला आणि ती पळाली.

हेमराजला वाईट वाटलं. मनाने तो वाईट नव्हताच. पाहुण्यांनी नेट ओढलं असणार, बिचारीला पुरत नसेल, असं त्याने ताडलं. मग सेटिंगमध्ये खोल जाऊन त्याने, आजवर स्वतःसाठीसुद्धा कधी केली नव्हती, अशी एक गोष्ट केली. 'या यंत्राला आधी' अशी एक सोय होती, ती त्याने 'मंगेशघरचे'ला दिली. सगळ्या घराच्या आधी भावसुनेला नेट. भासऱ्याने याहून जास्त काय करावं?

मागच्या खोलीत शुभांगीचा मोबाइल वाऱ्यासारखा धावू लागला. शेजारी लॅपटॉपवर 'जोडणी नाही' असं लिहिलेलं होतं ते तसंच राहिलं. कंपनीचं काम त्या लॅपटॉपशिवाय कुठेच उघडत नव्हतं. मोबाइलचं नेट जोडून पाहावं तर मंडईच्या गर्दीत गावच्या टॉवरवरून फोन तेवढा कसाबसा लागत होता, नेटने सकाळीच मान टाकली होती. तिने आणखी एकदा निरोप धाडला. 'चालू आहे म्हणते,' हेच उत्तर पुन्हा आलं. मग तिने निरोप पाठवणं सोडून दिलं.

मंगेश अर्ध्या दिवसाची सुटी टाकून आला तेव्हा ओसरीवर पुरुषांची पंगत बसली होती. मोटरसायकल लावून तो थेट मागच्या खोलीत गेला. तिथून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लॅपटॉप होता.

"दादा, तुहं थे पान दाखव जरा."

"जेवून तं घे पहिले."

"दाखव ना."

हेमराजने उष्ट्या हाताने मोबाइल पुढे केला. मंगेशने यादी वर-खाली केली आणि लाल ओळीवर बोट ठेवलं. "हे का आहे?"

"थे? धनीरामचं आहे थे. सकाळीच पकडलं मी त्याले."

मंगेशने लॅपटॉप उलटा केला. खाली कंपनीची चिकटपट्टी होती. तिच्यावरची खिचडी आणि लाल ओळीतली खिचडी अक्षराला अक्षर एकच होती. हेमराजने ती दोनदा वाचली.

"तिचं पहिलं प्रशिक्षण होतं आज," मंगेश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच हेमराजला जड गेलं. "गैरहजर लावलं तिले. सोमवारी आखरी डाव बसवतो म्हणे. नाही जमलं तं लॅपटॉप वापस करा."

"मले कोणी सांगतलंच नाई, लॅपटॉप आहे म्हणून!"

"थे जाऊ दे." मंगेश पंगतीत बसला आणि ताट पुढे ओढलं. "क्वार्टरचे कागद आले आहेत जवाहरनगरहून. मी नाही म्हणणार होतो, रोज येणं-जाणं करीन म्हटलं. आता नाही म्हणत. सोमवारी आम्ही दोघं पाहून येतो. थ्या दिवशी थे तिथूनच बसन प्रशिक्षणाले, माह्या दोस्ताच्या घरून."

देवाजींनी पाण्याचा गिलास उचलला आणि न पिता तसाच ठेवला.

"मंगेश," ते म्हणाले, "जेव पोटभर."

"जेवतो बाबा. जेवणाशी माहं भांडण नाई."

"एवढ्याशा डब्यापायी घर सोडते का कोणी?" आनंदाबाईने दारातून तोंड घातलं. "आन् सुनेले कायले लागते हे काम? खायाले कमी आहे का या घरी?"

"डब्यापायी नाई आत्या. सकाळपासून निरोपावर निरोप धाडला तिनं. इकडून एकच जवाब, चालू आहे. कोणी उठून पाहाले आलं का, काय बंद आहे म्हणून?"

आता सगळ्यांच्या नजरा आपोआप हर्षाकडे वळल्या. सुवाऱ्यांची परात घेऊन ती मधल्या दारात उभी होती. हेमराजचीही नजर तिच्याकडेच गेली, आणि तिथेच त्याचं चुकलं.

"माह्याकडे कायले पाहता?" हर्षाने परात खाली ठेवली. "मी का पोस्टमन आहो का? आठ वर्षं झाले, हिचं त्याले सांग आन् त्याचं हिले सांग. भाजी खारी झाली तं मी सांगू. डॉक्टरकडे जायाचं तं मी सांगू. आता लॅपटॉप मी सांगू, सुवाऱ्या मी तळू, आन् चुकलं तं बी मीच? आजपासून माह्या तोंडानं या घरी कोणाचा निरोप जाणार नाई. ज्याले बोलायचं त्यानं बोला, नाई तं जा क्वार्टरवर आन् बसा मुके!"

एरवी कितीही काम पडलं तरी हसत राहणारी बाई ती. मागच्या दाराआड उभ्या शुभांगीच्या बांगड्या वाजल्या, मग थांबल्या. आनंदाबाईला काय वाटलं कोण जाणे, ती आत गेली आणि हर्षाची परात स्वतः उचलून वाढू लागली.

जेवण झालं. रात्रीच्या दंडारीच्या खेळाच्या मंडपाचं काही अडलं म्हणून मंगेशला पटांगणातून बोलावणं आलं आणि तो गेला. हेमराज मधल्या खोलीत टीव्हीसमोर एकटाच बसला. मंगेश चौथीत असताना त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारा हाच हेमराज. भाऊ वेगळा झाला तर गाव काय म्हणेल, याचं त्याला तेवढं नव्हतं. संध्याकाळी मोटरसायकलचा आवाज येणार नाही, मागच्या खोलीला कुलूप दिसेल, हे त्याला सोसवणार नव्हतं.

निदान सकाळची चूक तरी सुधारावी, म्हणून त्याने पान उघडलं. लाल ओळ हिरवी करायला एक बटण पुरलं असतं. पण आज त्याला तेवढ्याने समाधान वाटेना. सगळंच सकाळच्या आधी होतं तसं करायचं होतं. शोधता शोधता त्याला 'रिस्टोर' हा शब्द दिसला. हा शब्द त्याच्या ओळखीचा होता. हर्षाच्या मोबाइलमधून उडालेले फोटो याच शब्दाने परत आणले होते. राउटरने विचारलं, नक्की का? हेमराजने हो म्हटलं. पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा हो म्हटलं.

टीव्हीच्या वरच्या फळीवरचे दिवे विझले. मग एकच लाल दिवा लागला. ओसरीवरून, अंगणातून, न्हाणीकडून, सगळीकडून पाहुण्यांची एकच ओरड उठली. घरची नावं गेली, हिरानकी गेलं, ॲडमिनचा पासवर्ड गेला. राउटर पुन्हा दुकानातून आणल्यासारखा कोरा झाला होता.

लाइनवाल्याला फोन लावला तर तोही मंडईत पाळण्यावर होता. "काही नाई होत हो," तो वाऱ्यात ओरडला. "राउटरच्या खाली नाव-पासवर्ड छापला आहे. पयली सेटिंग मोबाइलवर नाई होत, लॅपटॉप असन तं त्यावर टाका आन् पयल्यापासून करून घ्या."

लॅपटॉप एकाच माणसाकडे होता.

हेमराजने हर्षाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. आनंदाबाईने परिस्थिती ओळखली आणि मागच्या दाराकडे जाऊन हाक मारली, "अवं शुभांगी, आण बाई थे तुहं यंत्र!"

शुभांगी आली. पदर डोक्यावर होता. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून ती बसली आणि लॅपटॉप मांडीवर उघडला. हेमराज स्टुलावर चढला, फळीवरचा राउटर उलटा केला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. दोघांच्या मधोमध आनंदाबाई उभी राहिली.

"आत्या, सांगा. मोठा एन."

"मोठा... काय म्हणते?"

"एन आत्या. मंग सात. मंग बारका क्यू."

आनंदाबाईने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तिचा सगळा जन्म बपेऱ्याच्या शेतात गेलेला. "हे माह्यानं नाई होत बाप्पा," ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्या नातीने पुढे यायचं केलं, तर दारातून हर्षा म्हणाली, "तू बस चूप."

देवाजींची सुपारी कातरायची थांबली होती. शुभांगीचा हात कळांवर तयार होता, पण मान वळली नाही. हेमराजच्या लक्षात आलं, की ती थांबली आहे. सकाळपासून ती थांबलेलीच आहे.

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं आणि खाकरला.

"मोठा एन," तो म्हणाला.

भासऱ्याने भावसुनेशी बोललेला हा पहिला शब्द. कळ वाजली.

"पुढं?" शुभांगी म्हणाली.

"सात. बारका क्यू. मंग दोन टी."

"मोठे का बारके?"

"मोठे." त्याने चष्मा पुसला. "नाई, थांबा. एक मोठा, एक बारका. मले नीट दिसून नाई राहिलं."

"हळू सांगा. मी थांबतो."

झाडीपट्टीत बायाही 'मी थांबतो' असंच म्हणतात. तिचा आवाज असा आहे हे हेमराजला आज कळत होतं. थोडा जाड, शांत, घाई नसलेला. अक्षरामागून अक्षर गेलं, लाल दिवा हिरवा झाला आणि ओसरीवर कुणीतरी टाळी वाजवली. शुभांगी एकेक पान पुढे नेत राहिली. वायफायचं नाव काय ठेवायचं, तिने विचारलं. होतं तेच, त्याने सांगितलं. मग ती थांबली.

"ॲडमिनचा पासवर्ड ठेवा लागते."

हेमराज अजून स्टुलावरच होता. पासवर्ड त्याच्या जिभेवर तयार होता. तीन वर्षं तोच तर जपला होता त्याने. आता तोंडाने सांगायची तर आयतीच सोय झाली होती. त्याने खाली पाहिलं, तिच्या पाठमोऱ्या पदराकडे, आणि ओशाळल्यासारखा म्हणाला, "तुम्हीच ठेवा. मले सांगू नका."

"अगा बाई!" आनंदाबाईच्या तोंडून निघून गेलं.

शुभांगीने मान वळवली. पुरती नाही, अर्धीच. मग पुन्हा पडद्याकडे वळून तिने काहीतरी टाइप केलं, परत एकदा टाइप केलं, आणि पान मिटलं नाही. यादी उघडली. यंत्रं एकेक करून परत येत होती.

"सोमवारी माहं प्रशिक्षण आहे," ती म्हणाली. "त्या येळी बाकी सगळं बंद ठेवा लागन."

"ठेवा. टीव्ही बी ठेवा बंद."

"तुमचा मोबाइल बी."

"माहा काहून?" हेमराज स्टुलावरून उतरला. "मी का ओढतो? मी तं दोन घडी बातम्या पाहतो."

"हार्वेस्टरचे व्हिडिओ पाहता तुम्ही. मांगच्या खोलीत ऐकू येतात."

"एखादा पाहिला असन."

"रोज पाहता."

हर्षाला हसू आवरेना, तिने तोंडाला पदर लावला. देवाजींचा अडकित्ता पुन्हा चालू झाला होता. हेमराजला राग यायला हवा होता. भावसून तोंडावर बोलत होती, भर पाहुण्यांत, तेही आत्यासमोर. पण त्याला इतकं हलकं वाटत होतं, की आणखी चार गोष्टी ऐकून घ्यायला तो तयार होता.

"बरं, ठेवा," तो म्हणाला. "पण अर्ध्या घंट्याच्या वर नाई."

"प्रशिक्षण तीन घंट्याचं आहे."

"तीन घंटे?"

"तीन घंटे."

ओसरीच्या पायरीवर मंगेश येऊन उभा होता. मंडपातली धूळ अंगावर तशीच होती. एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून तो कधी भावाकडे पाही, कधी बायकोकडे. हे दोघं एकमेकांशी वाद घालताहेत, एवढंच त्याला कळत होतं, आणि तेवढ्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"सोमवारी?" तो शेवटी म्हणाला. "सोमवारी तं आपण क्वार्टर पाहाले जाऊन राहिलो ना?"

शुभांगीने पडद्यावरून नजर काढली नाही.

"तुम्ही जा पाहाले," ती म्हणाली. "मले घरी काम आहे."